परीकथेतलं चित्र कसं वाचायचं : लाल टोपीवाली, लांडगा आणि गुस्ताव्ह दोरेची तीन चित्रं

परीकथेच्या चित्रावर चार पानं लिहून आणा, असं कुणी सांगितलं की नवा माणूस आधी मोबाइल उघडतो आणि 'प्रतीकांचे अर्थ' शोधतो. समोर यादी येते : लाल म्हणजे वासना, जंगल म्हणजे अबोध मन, लांडगा म्हणजे पुरुष, घर म्हणजे सुरक्षितता. यादी चित्रावर चिकटवली की लेख तयार होतो, पण त्यात चित्र कुठेच नसतं. तोच मजकूर दुसऱ्या कुठल्याही चित्राखाली छापला तरी फरक पडणार नाही.

मी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. जुनी सचित्र पुस्तकं पाहत, त्यांच्यावरचं लेखन वाचत आणि नव्या मंडळींसोबत बसून चित्रांवर बोलत मी हे शिकले. कला रसग्रहणाचा पेपर असलेले विद्यार्थी, मुलांना गोष्टी सांगणारे शिक्षक, पुस्तकांवर लिहू पाहणारे वाचक अशा सगळ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने इथे लिहिते आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, कारण पाच चित्रं वरवर पाहण्यापेक्षा एक गोष्ट आणि तिची तीन चित्रं नीट पाहिली की पद्धत लवकर हाताला बसते.

गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे : लाल टोपीवाली मुलगी, आजी आणि लांडगा. चित्रकार आहे फ्रान्सचा गुस्ताव्ह दोरे. जन्म स्ट्रासबुर्गमध्ये 1832 साली, मृत्यू पॅरिसमध्ये 1883 साली. सतराव्या शतकातला फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या परीकथांची त्याने काढलेली चित्रं पॅरिसच्या हेत्झेल या प्रकाशकाने मोठ्या आकाराच्या ग्रंथात छापली. ग्रंथावर साल 1862 आहे. लाल टोपीवालीच्या गोष्टीला त्यात तीन मोठी चित्रं आहेत : रानातली भेट, आजीवर झडप आणि मुलगी व लांडगा एकाच बिछान्यात.

हाताशी काय हवं

- चित्राची मोठी, स्पष्ट प्रत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या डिजिटल दालनात आणि विकिमीडिया कॉमन्सवर दोरेची चित्रं मोफत मिळतात. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत घेऊ नका. ती बहुतेक वेळा कडेने कापलेली असते.
- त्याच चित्राची ए-फोर कागदावर काढलेली कृष्णधवल प्रिंट.
- ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, साधं भिंग.
- कथेचा तो नेमका पाठ, म्हणजे तिचं ते लिखित रूप, ज्यासाठी चित्र काढलं गेलं. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर पुढे सविस्तर येईलच.
- तीन रकाने आखलेली वही. पहिल्या रकान्यावर लिहा 'दिसतं', दुसऱ्यावर 'कथेत आहे', तिसऱ्यावर 'माझा तर्क'.

1. चित्राचं मूळ गाव शोधा

कोणी काढलं, कोणत्या पुस्तकासाठी, कोणत्या साली, कोणत्या तंत्राने. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातलं तंत्र नवे लोक हमखास सोडून देतात, आणि नेमकं तिथेच फसतात.

दोरेची ही चित्रं काष्ठकोरीव आहेत. तो लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा आणि कोरण्याचं काम कोरक करायचे. पिसान, पानमाकेर ही त्यांच्यातली नावाजलेली माणसं. अशा छापील चित्रांच्या खालच्या कोपऱ्यांत चित्रकाराच्या नावासोबत कोरकाचंही नाव सापडतं. भिंग लावून पाहा. दोरे ठोकळ्यावर शाईच्या पातळ छटा भरायचा आणि त्या छटेचं रेघांमध्ये रूपांतर कोरक करायचा. म्हणजे पडद्याच्या घडीतली एकेक बारीक रेघ ही दोरेच्या मनातली खूण नव्हे. 'रेघांच्या जाळ्यातून मुलीची कोंडी सूचित होते' असं वाक्य सुचलं तर थांबा. त्या ग्रंथातली आनंदाची चित्रंही तशाच रेघांनी भरलेली आहेत.

दुसरं, ठोकळ्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. डावं-उजवं यावर मोठा अर्थ उभा करायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

तिसरा सापळा रंगाचा. ही पुस्तकातली चित्रं काळ्या शाईत आहेत. आंतरजालावर फिरणाऱ्या रंगीत प्रती नंतर कुणीतरी रंगवलेल्या असतात. बिछान्याच्या प्रसंगावर दोरेने स्वतः केलेलं तैलचित्र मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये आहे, पण ते वेगळं काम. तुम्ही पुस्तकातल्या चित्रावर लिहीत असाल, तर त्यात लाल रंगाचा एक ठिपकासुद्धा नाही. 'दोरेने वापरलेला लाल रंग' या विषयावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले मी वाचले आहेत, म्हणून हे इतकं बजावून सांगते.

2. कथेचा नेमका पाठ मिळवा

लाल टोपीवालीची गोष्ट एक नाही. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून जी पोचली ती बहुतांशी जर्मनीच्या ग्रिम बंधूंची, 1812 सालची : आई बजावते की वाट सोडू नकोस, मुलगी केक आणि वाइनची बाटली घेऊन निघते, लांडगा दोघींना गिळतो, मग शिकारी येऊन त्याचं पोट फाडतो आणि दोघी जिवंत बाहेर येतात.

दोरेने चित्रं काढली ती पेरोच्या 1697 सालच्या गोष्टीसाठी, आणि ती पुष्कळ वेगळी आहे. पेरोची आई काहीच बजावत नाही. ती चपटा केक आणि लोण्याचं छोटं मडकं देऊन मुलीला पाठवते, एवढंच. लांडग्याशी थांबून बोलणं धोक्याचं असतं हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं, असं पेरो स्वतः म्हणतो. लांडगा तिला रानात खात नाही, कारण जवळपास लाकूडतोडे असतात. तो शर्यत लावतो : तू त्या वाटेने जा, मी या वाटेने. मुलगी रमतगमत जाते, हेझलनट वेचते, फुलपाखरांमागे धावते, फुलांचे गुच्छ बांधते. लांडगा आधी पोचून आजीला खातो, कारण तीन दिवसांहून जास्त काळ तो उपाशी असतो. मग मुलगी येते. तो सांगतो, केक आणि मडकं ठेव आणि माझ्याजवळ येऊन झोप. ती कपडे उतरवून बिछान्यात शिरते. हात केवढे, पाय केवढे, कान केवढे, डोळे केवढे, दात केवढे हे सवालजवाब होतात. लांडगा तिला खातो. गोष्ट संपली. शिकारी नाही, सुटका नाही.

यानंतर पेरोने पद्यात तात्पर्य जोडलं आहे. तरुण, देखण्या, चांगल्या घरच्या मुलींनी कुणाचंही ऐकू नये, सगळे लांडगे एका जातीचे नसतात, आणि जे गोड बोलून मुलींच्या मागे मागे घरापर्यंत येतात ते सर्वांत घातक, असा त्याचा आशय.

आता दोन्ही पाठ शेजारी ठेवा. 'आईची आज्ञा मोडल्याची शिक्षा' हा अर्थ ग्रिमच्या गोष्टीला लागू पडतो. दोरेच्या चित्राला तो लावता येत नाही, कारण त्या गोष्टीत मोडायला आज्ञाच नाही. उलट लांडगा म्हणजे माणसातला एक प्रकार, हा अर्थ तुम्ही बाहेरून आणलेला नाही, लेखकानेच तो लिहून ठेवला आहे. एका गोष्टीत आधार आहे, दुसरीत नाही, हे कळायला पाठच हातात असावा लागतो. पेरोची गोष्ट दोन-तीन पानांची आहे. इंग्रजी भाषांतरं मोफत मिळतात. वाचायला चहाच्या कपाइतका वेळ लागतो, म्हणून कंटाळा करू नका.

आपल्या घरातली एक गोष्टही इथे आडवी येते. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ऐकून वाढलेल्या माणसाच्या मनात रान, म्हातारी आणि जनावर यांचं एक ठरलेलं नातं असतं : म्हातारी तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येण्याचं वचन देते आणि जनावराला शेवटी चकवते. तिथे म्हातारी बोलण्यात जिंकते. पेरोच्या रानात बोलण्यात जिंकतो तो लांडगा. आपल्या गोष्टीचा दिलासा नकळत त्या चित्रात घालू नका.

3. अर्थ न लावता पाहा

आता कथा बाजूला ठेवा आणि चित्रासमोर बसा. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा. तेवढ्या वेळात फक्त पहिला रकाना भरायचा. 'भीती', 'निरागस', 'क्रूर' असे शब्द या रकान्यात चालणार नाहीत. ते अर्थ झाले. 'डोळे मोठे उघडलेले' चालेल, 'घाबरलेली' चालणार नाही.

बिछान्याच्या चित्रासाठी हा रकाना साधारण असा भरतो :

मुलगी आणि लांडगा एकाच पांघरुणात. मुलीचे केस मोकळे. डोक्यावर टोपी नाही. हाताने पांघरूण अंगाशी ओढलेलं. डोळे विस्फारलेले, लांडग्याकडे वळलेले. लांडग्याच्या डोक्यावर झालरीची बायकी टोपी. त्याचा पंजा पांघरुणावर. मागे पडदा. आजूबाजूला मोकळी जागा जवळजवळ नाही.

एवढं लिहून झालं की ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त मोठे आकार काढा : दोन डोकी, पांघरुणाची कडा, पडदा. चेहऱ्यांचे तपशील नकोत. मग मूळ चित्र बाजूला करून नुसता ट्रेसिंग पेपर पाहा. दोन डोकी किती जवळ आहेत आणि चौकट त्यांच्याभोवती किती घट्ट बसली आहे, हे तेव्हा लख्ख दिसतं. चेहऱ्यांवर नजर खिळलेली असताना ते लक्षात येत नाही.

4. चित्रकाराने कोणता क्षण धरला?

लेखकाला सगळी गोष्ट सांगायची असते. चित्रकाराला त्यातला एकच क्षण मिळतो, आणि तो त्याने निवडलेला असतो. तुमच्या लेखातलं सगळ्यात भक्कम वाक्य बहुतेक वेळा इथेच मिळतं.

बिछान्याच्या चित्राखाली पेरोचंच वाक्य आहे : रात्रीच्या कपड्यांतली आजी कशी दिसते हे पाहून मुलीला फार आश्चर्य वाटलं. कथेत हे वाक्य कुठे येतं ते बघा. ते सवालजवाबांच्या आधी येतं. 'आजी, तुझे हात केवढे' हा पहिला प्रश्न अजून विचारलेला नाही. दोरेने दात विचकलेला लांडगा काढला असता तर खपलाच असता. त्याने आश्चर्य आणि समज यांच्या मधला क्षण धरला. मुलीला काहीतरी चुकतंय हे कळलं आहे, काय चुकतंय ते कळलेलं नाही. चित्र पाहणाऱ्याला मात्र सगळं माहीत आहे. चित्रातला ताण या फरकातून येतो.

प्रत्येक चित्रासाठी हे करून बघा : चित्राचा क्षण कथेतल्या कोणत्या वाक्यावर बसतो ते वाक्य शोधून त्याखाली रेघ मारा. मग आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा. चित्रकाराने काय टाळलं ते तिथे सापडेल.

5. मजकूर आणि चित्र यांतली फट

आता दुसरा रकाना भरा. पहिल्या रकान्यातली एकेक नोंद घ्यायची आणि विचारायचं : हे कथेत आहे का?

मोकळे केस, उतरवलेली टोपी : कथेत मुलगी कपडे उतरवते, म्हणजे आधार आहे. लांडग्याच्या डोक्यावरची झालरीची टोपी : पेरो लांडग्याला आजीचे कपडे घालत नाही. तो पांघरुणाखाली लपतो आणि आवाज बदलतो, एवढंच. ग्रिमच्या गोष्टीत तो आजीचे कपडे आणि टोपी घालतो. म्हणजे इथे दोरेने पेरोच्या गोष्टीत नसलेली वस्तू आणून ठेवली आहे. अशी जागा सापडली की तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. कथेत नसून चित्रात असलेली वस्तू आणि कथेत असून चित्रात नसलेली वस्तू, या दोन जागांवर चित्रकार स्वतः बोलत असतो.

या टोपीचं काय करायचं? एक सोपं उत्तर आहे : वाचकाला लांडगा आजीच्या वेषात आहे हे चटकन कळावं म्हणून. हे उत्तर खरंच आहे आणि ते आधी लिहा. पण इथे आणखी एक गोष्ट घडते आहे. ज्या मुलीला सगळा गाव टोपीवरून ओळखतो, तिचं डोकं उघडं आहे, आणि टोपी आहे लांडग्याच्या डोक्यावर. तीच टोपी नव्हे, आजीची. तरी डोक्यावरचं झाकण एका डोक्यावरून गेलं आणि दुसऱ्यावर आलं, हे डोळ्यांना दिसतं. मुलीची ओळख उतरली आहे आणि जनावराने माणसाची ओळख चढवली आहे. हा माझा तर्क, म्हणून तो तिसऱ्या रकान्यात जाईल. पण तो हवेतला नाही. त्याच्यामागे चित्रातल्या दोन दिसणाऱ्या गोष्टी आणि कथेशी पडलेला एक फरक उभा आहे. प्रतीकाबद्दल बोलायचं तर इतका आधार तरी हवा.

रानातल्या भेटीच्या चित्रात हाच खेळ स्वतः खेळून बघा. लांडग्याची पाठ आपल्याकडे आहे, त्याचा चेहरा मुलीकडे. त्याच्या मोठ्या देहापुढे मुलगी लहानशी. तिच्या हातातला खाऊ शोधा. लाकूडतोडे कुठे दिसतात का ते शोधा, कारण कथेत त्यांच्या भीतीनेच लांडगा गप्प बसला आहे. मग विचारा : लांडग्याचा चेहरा आपल्यापासून फिरवून आणि मुलीचा चेहरा आपल्याकडे ठेवून काय साधलं? आपण लांडग्याच्या मागे उभे राहून तिच्याकडे पाहतो आहोत. ही जागा आपल्याला चित्रकाराने दिली आहे आणि ती अस्वस्थ करणारी आहे. अमेरिकी अभ्यासक जॅक झाइप्स यांनी या चित्रांतल्या नजरांवर बरंच लिहिलं आहे. पुढे अभ्यास करायचा असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करा, पण स्वतःचा पहिला रकाना भरून झाल्यावरच. आधी वाचलंत तर त्यांच्याच डोळ्यांनी पाहाल.

6. लाल रंगाची कसोटी : अर्थ कधी धरायचा, कधी सोडायचा

हा भाग सावकाश वाचा, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त ओढाताण इथेच होते.

मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी 1951 मध्ये या गोष्टीचा अर्थ लावला. लाल मखमली टोपी म्हणजे मासिक पाळी, वाट सोडू नको आणि बाटली फोडू नको ही ताकीद म्हणजे कौमार्य जपण्याची ताकीद. वाचताना पटतं. 1984 मध्ये इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी त्यावर साधा प्रश्न विचारला : शेतकरी शतकानुशतकं जी गोष्ट सांगत आले, तिच्यात या वस्तू होत्या का? फ्रान्समध्ये गोळा झालेल्या मौखिक कथांमध्ये बाटली नाही, वाट न सोडण्याची ताकीद नाही, आणि बहुतेक ठिकाणी लाल टोपीही नाही. लाल टोपी पेरोने आणली, बाटली आणि ताकीद ग्रिमच्या पाठात आली. म्हणजे फ्रॉमनी ज्या खुणांवरून लोकमानसाचा अर्थ काढला त्या खुणा त्या लोकांच्या गोष्टीत नव्हत्याच.

या वादाकडे बघून फ्रॉम चूक आणि डार्न्टन बरोबर असा निकाल देऊन मोकळं होऊ नका. शिकायचं ते हे की अर्थ कोणत्या पाठाला लावतो आहोत ते आधी ठरवायचं. ग्रिमच्या 1812 च्या गोष्टीबद्दल बोलत असाल तर बाटली आहे, तिच्याबद्दल बोला. दोरेच्या चित्राबद्दल बोलत असाल तर बाटली सोडून द्या. तिथे लोण्याचं मडकं आहे.

आणि लाल रंग तरी एकाच अर्थाचा कुठे आहे? अकराव्या शतकात लीएजच्या एग्बर्टने लिहिलेल्या लॅटिन कवितेत लांडग्याने पळवलेली एक लहान मुलगी आहे. तिच्या अंगात लाल लोकरी कपडा आहे. तो बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मिळालेला. लांडग्याची पिल्लं तिला खात नाहीत, तिचं डोकं चाटत बसतात. इथे लाल कपडा रक्षण करणारा आहे. त्याच युरोपात, लांडगा आणि मुलगी याच जोडीत, अर्थ पार उलटा. आपल्याकडे कुंकवाचा लाल, नव्या नवरीच्या शालूचा लाल आपल्या डोळ्यांत इतका मुरलेला असतो की लाल दिसला की मंगल आठवतं. तो आपला डोळा आहे, दोरेचा नव्हे, पेरोचाही नव्हे.

म्हणून कोणतीही वस्तू प्रतीक म्हणून घेण्याआधी मी तिला हे प्रश्न विचारते :

- ती वस्तू या चित्रात खरोखर दिसते का?
- ज्या पाठासाठी चित्र काढलं त्यात तिला काही वजन आहे का?
- चित्रकाराने तिला जागा, उजेड किंवा आकार देऊन पुढे आणलं आहे का?
- ती काढून टाकली तर चित्राचा अर्थ बदलेल का? अंगठ्याने झाकून बघा.

चारही उत्तरं 'हो' आली तर बिनधास्त लिहा. दोन आली तर 'असं वाचता येतं' म्हणून लिहा. एकही आलं नाही तर ती वस्तू फक्त वस्तू आहे. बिछान्यात पांघरूण असतंच.

लांडग्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. फ्रान्समधल्या लोकांना लांडगा प्रतीक म्हणून भेटत नव्हता, तो खरोखर येऊन माणसं मारत होता. 1764 ते 1767 या काळात जेव्होदां प्रांतात एका हिंस्र श्वापदाने किती तरी बायका-मुलांचे बळी घेतले. त्याची दहशत दरबारापर्यंत पोचली होती. पेरोची गोष्ट छापली गेली त्याच्या तीन-चार वर्षं आधी, 1693-94 मध्ये, फ्रान्समध्ये मोठा दुष्काळ पडला होता. तीन दिवसांचा उपाशी लांडगा हे वाक्य त्या वाचकांनी पोटातून ओळखलं असेल. लांडगा म्हणजे लबाड पुरुष हा अर्थ पेरोने दिला म्हणून लांडग्याचं लांडगेपण संपत नाही. दोरेचा लांडगा पाहा : अंगावरचे केस, पंजे, जबडा, सगळं खऱ्या जनावराचं आहे. टोपी तेवढी माणसाची.

7. साल तपासा, मगच नातं जोडा

आजीवर झडप घालण्याच्या चित्रात पलंगाखाली मांजर आहे. थोडं वाचन झालेला विद्यार्थी ते पाहून उडी मारतो, कारण एका फ्रेंच मौखिक कथेत मांजर येतं. तिथे लांडगा मुलीला फसवून आजीचंच मांस खायला घालतो आणि मांजर ते उघड बोलून दाखवतं. मग दोरेला ती जुनी कथा ठाऊक होती आणि मांजर हे साक्षीदाराचं प्रतीक आहे, असा लेख तयार होतो.

सालं लावून बघा. ती कथा आशील मिलियँ या संग्राहकाने फ्रान्सच्या निव्हर्ने भागात 1885 च्या सुमारास टिपली आणि अभ्यासकांमध्ये ती प्रसिद्ध झाली ती लोककथांचे अभ्यासक पॉल दलारू यांच्यामुळे, विसाव्या शतकाच्या मध्यावर. दोरेची चित्रं 1862 ची. छापील वाटेने ही कथा त्याच्यापर्यंत पोचणं शक्य नाही. आणि म्हाताऱ्या बाईच्या घरात मांजर असणं ही काही खास बाब नव्हे.

मांजराबद्दल मग काय लिहायचं? जे दिसतं ते. घरात एवढा मोठा प्रसंग चालू असताना दुसरा एक जीव जमिनीलगत आहे, पलंगाच्या अंधारात. लांडगा घरात शिरलेलं रानटी जनावर, मांजर घरातलं पाळीव जनावर. एक पलंगावर, एक पलंगाखाली. ही मांडणी चित्रातच आहे, तिला कुठल्या जुन्या कथेचा टेकू लागत नाही.

8. दुसऱ्या चित्रकाराचं चित्र शेजारी ठेवा

दोरेची खास गोष्ट कोणती आणि सगळेच काढतात ती कोणती, हे तुलनेशिवाय कळत नाही. पेरोच्या 1695 सालच्या हस्तलिखितात या गोष्टीच्या डोक्यावर एक छोटं रंगीत चित्र आहे. हे हस्तलिखित आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. त्यात पलंगावर एक स्त्री आणि तिच्यावर झुकलेला लांडगा. ती आजी की मुलगी, हे चित्र सांगत नाही. म्हणजे पलंग आणि लांडगा ही जोडी दोरेच्या आधी दीडशेहून जास्त वर्षांपासून चालत आलेली आहे.

इंग्रज चित्रकार वॉल्टर क्रेनच्या 1875 च्या रंगीत पुस्तकात लांडगा दोन पायांवर उभा आहे आणि अंगावर मेंढीचं कातडं पांघरलेलं. बायबलमधला मेंढीच्या वेषातला लांडगा इंग्रज मुलांना माहीत होता, तिकडे हा रोख. तिथे मुलीचा झगा खरोखर लाल आहे, त्यामुळे लाल रंगावर लिहायची हौस असेल तर ते चित्र घ्या. क्रेनचा लांडगा पाहून दोरेकडे परत आलात की दोरेने रानातल्या लांडग्याला एकही कपडा घातलेला नाही हे डोळ्यांत भरतं.

9. लिहायला बसा

रकाने भरलेले असतील तर लेख अर्धा झालेला आहे. क्रम मी असा ठेवते : आधी चित्राचं मूळ गाव दोन-तीन वाक्यांत, मग पाहिलेलं वर्णन, मग क्षण, मग फट, आणि शेवटी अर्थ. पहिल्याच ओळीत अर्थ सांगून टाकलात तर वाचक पुढे चित्राकडे बघतच नाही.

वाक्यांच्या शेवटांवर लक्ष द्या. पहिल्या रकान्यातल्या गोष्टीला 'आहे'. दुसऱ्यातल्या गोष्टीला 'पेरोच्या कथेत आहे'. तिसऱ्यातल्या गोष्टीला 'असं मला वाटतं', 'असं वाचता येतं'. हे तीन शेवट मिसळले की परीक्षक लगेच पकडतात, आणि ते योग्यच आहे. 'दोरेला असं सुचवायचं आहे' हे वाक्य शक्यतो टाळा. दोरेच्या मनात काय होतं याचं पत्र आपल्या हातात नाही. 'चित्रात असं घडतं' म्हणा.

चित्र लेखासोबत छापत असाल तर पूर्ण छापा, कापू नका, आणि खाली चित्रकार, ग्रंथ, प्रकाशक आणि साल लिहा. दोरेच्या मूळ चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही, पण नंतर कुणी रंगवलेल्या प्रतीचं तसं नसतं, म्हणून कृष्णधवल मूळच घ्या.

सरावाला घरचं एक चित्र सुचवते. 'चांदोबा'चे जुने अंक घरात असतील तर शंकर यांनी काढलेला विक्रम आणि वेताळ काढून समोर ठेवा : हातात तलवार, खांद्यावर प्रेत. दहा मिनिटांचा गजर लावा, पहिला रकाना भरा, आणि मग वेताळाच्या गोष्टीतलं ते वाक्य शोधा ज्यावर हे चित्र बसतं. विक्रम बोलणार आहे की गप्प राहणार आहे, हे त्या वाक्यावरून ठरतं, आणि चित्रातल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते पडताळता येतं.